उलट चाल

नव्या घराला उंबरठा नाही, हे सुपडू आप्पांच्या लक्षात आलं तेव्हा आखाजीला चार दिवस उरले होते.

त्या घरात राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. आणि आप्पा गवंडी होते. यावलकडच्या वीस-पंचवीस गावांत त्यांच्या हातचे उंबरठे होते. कुणाचा सागाचा, कुणाचा दगडाचा. ज्याला ऐपत नाही त्याच्याकडे नुसता मातीचा, वर बाभळीची फळी. अशा माणसाला आपल्याच घरात उंबरठा नाही हे दीड वर्ष दिसू नये, याची त्यांना लाज वाटली.

दिसलं तेही कुंकवामुळे. आप्पांच्या घरची रीत अशी, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांचं एकेक नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं. बापाचं एक, आईचं एक. या वर्षी बायकोचं, कोकिळाबाईंचं. गेल्या वर्षीची आखाजी गावच्या जुन्या घरीच झाली होती.

आप्पा उंबरठा शोधत घरभर फिरले. पुढच्या दाराशी काचेसारखी गुळगुळीत फरशी बाहेरून आत सरळ जात होती. आतल्या खोल्यांना तर दारंच नव्हती. भिंतीच सरकायच्या. जमिनीत बोटभर रुंदीचे रूळ होते.

"मयुरी," त्यांनी सुनेला विचारलं, "या घराचा उंबरठा कुठं आहे गं?"

मयुरी ओट्याशी भाजी चिरत होती. ती कृषी महाविद्यालयात माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दुपारी घरी आली की हातात आधी विळी नाहीतर चाकू, मग बाकीचं.

"नसतो आप्पा या घरांना. भिंती सरकायला अडचण होते ना."

"मग तुझ्या सासूचं बोट कुठं उमटवायचं?"

मयुरीचा चाकू थांबला. "पाटावर उमटवू. पाट आहे आपल्याकडे."

"पाटावर जेवतात. उंबरठ्यावर बसून वाट बघतात," आप्पा म्हणाले. पुढे अजून काही बोलणार होते, पण त्यांच्या मानेला घाम फुटला. स्वयंपाकघर गरम व्हायला लागलं होतं. पलीकडची भिंत हातभर सरकली आणि तिकडून गार झुळूक आली. पाय आपोआप तिकडे वळले. आपण निघालो कशाला, हे त्यांना स्वतःच्या खोलीत जाऊन बसल्यावर आठवेना.

असं रोज व्हायचं.

*

आप्पांचा मुलगा हर्षल अशी घरं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. जळगावचा पारा आता चैत्रापासूनच शेहेचाळीसच्या वर जायचा. साध्या सिमेंटच्या घरात दुपारी माणूस भाजून निघायचा. म्हणून ही घरं आली.

राहायला आले त्या दिवशी हर्षलनं आईबापांना सगळं समजावून सांगितलं होतं. भिंती फक्त चार बोटं जाड. आत मेणासारखा एक पदार्थ. तो वितळताना उष्णता पोटात घेतो आणि थिजताना सोडतो, म्हणून दिवसा भिंत तापत नाही. त्या मेणातून केसासारख्या नळ्या नेलेल्या. त्यांतून गार पाणी पाहिजे त्या खोलीकडे वळवता येतं. छतात कोंबडीच्या अंड्याएवढी यंत्रं. त्यांतून लहरी निघतात, माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. छाती सूतभर हलली तरी यंत्राला कळतं. त्यावरून श्वास किती, काळजाचे ठोके किती, हे अंगाला काही न लावता मोजलं जातं. आणि या सगळ्यावर देखरेख करणारी यंत्रणा. तिचं नाव 'सांभाळ'.

"कुणाला उकडतंय, कुणाला थंडी वाजतेय, कुणाचा जीव घाबरलाय, हे सांभाळला सांगावं लागत नाही," हर्षल म्हणाला होता. "चांगला वाढपी विचारत बसतो का? पान बघतो आणि वाढतो. तसंच."

"ठोके भिंत मोजणार, मग डॉक्टर काय माशा मारणार?" कोकिळाबाईंनी विचारलं होतं.

"आई, तू नुसतं म्हण, सांभाळ, भिंत उघड. की उघडली."

"भिंतीशी बोलायला मी काय येडी आहे? चाळीस वर्षं या भिंतीशी बोलतेय, ती उघडली नाही," असं म्हणून त्यांनी आप्पांकडे बोट दाखवलं होतं. सगळे हसले होते.

नाव कोकिळा, पण आवाज भांडं आदळल्यासारखा. आप्पा आणि त्या दिवसातून चार वेळा भांडायच्या. चहात साखर कमी, टॉवेल ओला, पाहुण्यांसमोर असं का बोललात, तुमच्या बहिणीनं तेव्हा असं का केलं. गावातलं घर धाब्याचं होतं, आप्पांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. दोन-दोन हात जाड मातीच्या भिंती, वर कडीपाट आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर. अशा घरात दुपारचं ऊन भिंतीतून आत यायला रात्र होते. पण गारवा सगळीकडे सारखा नसतो. पुढची पडवी तापते, चूल असते ती बाजू तापते. गार राहतं ते एकच, मधलं घर. म्हणून भांडण कितीही मोठं झालं आणि कोकिळाबाई "आजपासून मी बोलायची नाही" म्हणून तोंड फिरवून गेल्या, तरी दुपारी यायचं कुठं? मधल्या घरातच. आप्पा एका भिंतीला टेकलेले, त्या दुसऱ्या. अर्ध्या तासानं कुणीतरी म्हणायचं, "पाणी दे." तिकडून यायचं, "हात मोडले का?" की झालं. त्यांचा अबोला उन्हाळ्यात कधी संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

नव्या घरात यायला कोकिळाबाईंचा विरोध होता. आप्पांनीच हट्ट धरला. गुडघे दुखत होते, धाब्यावर चढून माती टाकणं होत नव्हतं, आणि कोकिळाबाईंना एकदा छातीत दुखून गेलं होतं. गावचं घर पुतण्याला दिलं. सामान उतरलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्हाला गार हवा पाहिजे होती ना? बसा आता गार हवेत. मी नाही बोलायची."

पहिल्या आठवड्यात दोन-तीन भांडणं झाली, आणि मग त्या खरंच बोलेनाशा झाल्या.

पहिले काही दिवस आप्पांनी हसण्यावारी नेलं. मग महिना गेला, दोन गेले. जेवणाच्या वेळा वेगळ्या झाल्या. त्यांच्या गोळ्यांमुळे त्या आधी जेवायच्या. कधी समोरासमोर आले तर दोन-चार वाक्यं व्हायची आणि कुणीतरी उठून जायचं. थंडीत आप्पांच्या खोलीत छान ऊब असायची, उन्हाळ्यात गारवा. कोकिळाबाईंच्या खोलीतही असणारच. भिंतींतून आवाज जात नव्हता. घरात शांतता होती. हर्षल म्हणायचा, "किती बरं वाटतं ना आप्पा, कुणाची कटकट नाही."

आठ महिन्यांनी, जेठाच्या एका दुपारी, कोकिळाबाई आपल्या खोलीतच वारल्या. सांभाळनं ठोके थांबताच गाडी बोलावली होती. गाडी सहा मिनिटांत आली होती. कुणाचीच काही चूक नव्हती. आप्पा तेव्हा पंचवीस पावलांवर झोपले होते.

तेव्हापासून एक गोष्ट त्यांना पोखरत होती. चाळीस वर्षं संध्याकाळपर्यंत न टिकलेला राग या वेळी आठ महिने कसा टिकला? असं आपण काय केलं? ती रागातच गेली का?

हे विचारायला कुणी नव्हतं. मुलगा घरात होता, पण तो भेटतच नव्हता.

*

उंबरठ्याचं बोलणं झालं त्या संध्याकाळी आप्पा बैठकीत जाऊन बसले. हर्षल सहाला येतो. आज त्याला गाठायचंच. आप्पांना एका जागी बसवत नव्हतं. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा उठले. देवघरातून उदबत्ती आणली आणि पेटवून पुढ्यात ठेवली. हात रिकामा नको म्हणून.

धूर सरळ वर जात होता. खोली मस्त गार होती.

सहाला पाच कमी असताना फाटकातून हर्षलची गाडी आत आली. त्याच क्षणी धूर वाकला. आप्पांनी पाहिलं. धूर त्यांच्याकडून आतल्या बोळाकडे वाहायला लागला. पाठीमागून गरम हवा आली, अगदी हलकी, कुणी तरी दूर चूल पेटवल्यासारखी. बोळाच्या बाजूची भिंत सरकली आणि तिकडून गारवा आला. उठावंसं वाटलं. गुडघ्यांनी उठायची तयारीसुद्धा केली.

आप्पांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

हवा कुठून कशी फिरते हे गवंड्याला कुणी शिकवावं लागत नाही. गवाक्ष कुठं ठेवायचं, धूर कुठून काढायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. आता डोळ्यांसमोर उदबत्तीचा धूर रेघ मारून सांगत होता, की घर त्यांना उठवतंय. बापाच्या आणि लेकाच्या मधून घर बापाला काढून घेतंय.

घामानं सदरा भिजला तरी ते बसून राहिले. पण दार उघडून हर्षल आत आला तो थेट उजवीकडे वळला. तिकडे भिंत उघडी होती, तिकडे गार होतं. त्यानं बैठकीकडे पाहिलंही नाही. भिंत मागे मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मयुरीला स्वयंपाकघरात गाठलं. मानेला घाम आला तरी हलले नाहीत.

"हे घर मला हाकलतंय."

"काहीतरीच काय आप्पा."

"तू मातीवाली आहेस, खोटं बोलू नकोस. मातीवाल्याला खोटं बोलता येत नाही."

मयुरीनं पदराला हात पुसले. "ते हाकलत नाही. ज्यांचे ठोके एकमेकांना बघून वाढतात, त्यांना ते जरा लांब ठेवतं. घरातली शांतता म्हणजे तेच. तुम्ही आणि हर्षल समोरासमोर आलात की दोघांचे वाढतात. आई गेल्यापासून."

"आणि आई असताना?"

मयुरी भाजीकडे वळली. "ते हर्षलला विचारा."

"विचारू कुठं? तुझं घर भेटू देतं का?"

"मी सांगितलं तर तो म्हणेल, तू का सांगितलंस. तुमचं तुम्ही बघा दोघं." मग तिनं आवाज खाली आणला. "सांभाळला मी बंद नाही करू शकत आप्पा. त्याच्या अंगठ्याशिवाय होत नाही. आणि बंद केलं तर या चार बोटांच्या भिंतीत तासाभरात आपण शिजू."

आप्पा निघाले. दोन पावलं गेले आणि वळले.

"तुझ्या प्रयोगशाळेत पांढरी माती आहे का गं? शेतातली भुसभुशीत नाही, चांगली चिकण. दोन घमेली."

"कशाला?"

"आणशील का ते सांग."

मयुरी त्यांच्याकडे बघत राहिली. "भुसा पण लागेल ना? कालवलेला गारा फुटेल नाहीतर."

आप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "हाव. भुसा पण आण."

*

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी हर्षल कामावर गेला आणि आप्पांनी जुनी पेटी उघडली. थापी, ओळंबा, सुतळी. थापीच्या मुठीला त्यांच्या हाताचा खड्डा पडला होता. बोटं त्यात बरोबर बसली.

जागा त्यांनी ठरवून ठेवली होती. बैठकीतून निघणारा बोळ पुढे दोन बाजूंना जायचा, एका बाजूला आप्पांची खोली, दुसऱ्या बाजूला कोकिळाबाईंची. तिथं एकच रूळ होता आणि त्यावरची भिंत सगळ्यांत जास्त फिरायची. ती इकडे आली की कोकिळाबाईंची बाजू बंद, तिकडे गेली की आप्पांची.

गॅलरीत कोकिळाबाईंचा पाटा पडून होता. नव्या घरात मिक्सर आहे, पाटा कशाला, असं सगळे म्हणाले तरी त्यांनी तो गाडीत चढवायला लावला होता आणि मग एकदाही वापरला नव्हता. आप्पांनी तो गोणपाटावर ठेवला आणि ओढत बोळापर्यंत आणला.

"आप्पा, पाटा?" मयुरी माती कालवत होती. ती आज कामावर गेली नव्हती. "पाट्याला पाय लागेल सगळ्यांचा."

"उंबरठ्यावर पाय देतात का? ओलांडतात. लहानपणी मार खाल्ला नाहीस वाटतं."

"खाल्लाय की. तुमच्याच बायकोचा. लग्नात माप ओलांडताना पाय चुकला तर किती बोलल्या मला."

"तिला बोलायला कारण लागायचं थोडीच."

रुळावर पाटा आडवा बसवला. दोन्ही बाजूंनी गारा भरला, थापीनं दाबला, ओळंबा धरून पाहिला. गुडघे ओरडत होते, पण हात हलके चालले होते. दोन तास कसे गेले कळलं नाही.

मग भिंत आली. रुळावरून हळू सरकत पाट्यापर्यंत आली, टेकली, थांबली आणि मागे गेली. पुन्हा आली. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा टेकली तेव्हा छतातून सांभाळचा, बाईचा गोड आवाज आला, "आप्पा, मार्गात अडथळा आहे. कृपया दूर करा."

आप्पांनी वर बघितलं नाही. ओल्या मातीवरून बोट फिरवत म्हणाले, "मयुरी, हिला उत्तर देऊ नकोस."

भिंत उघडी राहिली ती राहिली. आता गार हवा एका खोलीत कोंडून ठेवता येईना. इकडचा गारवा तिकडे, तिकडची धग इकडे. घर घुरघुरायला लागलं. सगळ्या खोल्यांत सारखंच कोमट झालं. जरा बरं होतं ते पाट्याच्या आसपास, बोळाच्या मधोमध. बाकी कुठं बसवेना.

अर्ध्या तासात हर्षल घरी आला. त्याच्या फोनवर घरानं अकरा तक्रारी पाठवल्या होत्या.

*

"आप्पा! हे काय करून ठेवलंत?"

"उंबरठा."

"रुळावर? मोटर जळेल! तुम्हाला काय कळतं का, हे सगळं एकाच मापावर चालतं. एक भिंत अडली की पूर्ण घराचं गणित बिघडतं!"

"बिघडू दे."

"बिघडू दे काय? बाहेर सत्तेचाळीस आहे! मयुरी, तू बघत होतीस?"

"मी माती कालवत होते," मयुरी म्हणाली.

हर्षलनं कपाळाला हात लावला. तो पाट्याच्या पलीकडे उभा होता, आप्पा अलीकडे खाली बसलेले. दोघांच्या अंगाला घाम. छतातला आवाज म्हणाला, "ठोके वाढले आहेत. हर्षल, तुमच्यासाठी अभ्यासिकेत..."

"गप!" हर्षल ओरडला. यंत्र गप्प झालं.

"त्याच्यावर कशाला ओरडतोस? माझ्यावर ओरड. वर्षभरात पहिल्यांदा समोर उभा आहेस," आप्पा म्हणाले. "मला एकच सांग. तुझी आई माझ्याशी बोलत का नव्हती?"

हर्षलचा चेहरा उतरला.

"ती रागानं गेली का रे? काय असेल ते सांग. मी झेलतो."

"आई रागावली नव्हती," हर्षल खालच्या आवाजात म्हणाला. "मी केलं ते. आईच्या छातीत दुखलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ठोके शंभरच्या वर जाऊ देऊ नका. मी सांभाळला तशी आज्ञा दिली. त्यानं आठ दिवस मोजलं. तुम्ही दोघं एकत्र आलात, की आईचे ठोके एकशे दहा, एकशे वीस. दर वेळी. मग त्यानं तुम्हाला वेगळं केलं. गारवा तुम्हाला इकडे, तिला तिकडे. कुणाला बंद केलं नाही आप्पा. नुसती हवा वळवली."

"आम्ही भांडायचो ते तसंच होतं रे. तुला माहीत नाही का?"

"मला माहीत होतं. यंत्राला नव्हतं. आणि मला..." हर्षल अडखळला. "मला आई जगायला पाहिजे होती."

मयुरी म्हणाली, "ते मोजणंही अर्धवटच होतं. मी नंतर आकडे काढून पाहिले. भांडण सुरू झालं की ठोके वर जायचे, ते त्यानं पकडलं. पण पहिल्या आठवड्यात, त्यानं वेगळं करायच्या आधी, दोन-तीन भांडणं पुरी झाली होती. ती मिटल्यावर आईंचे ठोके बासष्ट-त्रेसष्टवर यायचे. दिवसभरात इतके खाली कधीच नसायचे. पुढे त्यानं एकही भांडण पुरं होऊ दिलं नाही."

पाट्याशी थोडा गारवा होता म्हणून मयुरी तिथेच भिंतीला टेकून बसली. हर्षलही हळूच खाली बसला.

"आप्पा, तुम्ही एकत्र राहिला असता तर कदाचित ती चार महिने आधी गेली असती," तो म्हणाला. "डॉक्टरांचं बरोबरही असेल. मला खरंच माहीत नाही."

"गेली असती. पण भांडत गेली असती," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी थापीनं ओल्या मातीची कड सारखी केली. "तिला काय वाटलं असेल? मला वाटलं ती रागावली. तिला वाटलं असेल मी रागावलो."

हर्षलनं मयुरीकडे पाहिलं. मयुरीनं मान हलवली. मग त्यानं फोन काढला.

"सांभाळ एक नोंद ठेवतं. माणूस गारवा सोडून गरम बाजूला चालत गेला, तर ती त्याच्या हिशेबात चूक असते. आपलं घर कुठं चुकतंय ते कळावं म्हणून आम्ही ती जमा करतो. तिला उलट चाल म्हणतात." त्यानं फोनवर बोट सरकवलं. "आईच्या उलट चाली आहेत. तिच्या खोलीतून निघून या बोळातून तुमच्या भिंतीपर्यंत. उन्हाळ्यात तर बोळ चाळीसच्या वर तापलेला असायचा. भिंतीपाशी यायची, दोन-तीन मिनिटं उभी राहायची, परत जायची."

"किती वेळा?"

"चौसष्ट."

आप्पांचा हात थापीवर होता तो तसाच राहिला.

"भिंत उघडली का नाही मग?"

"ती नुसतं उघड म्हणाली असती तर उघडली असती. ती म्हणालीच नाही."

"ती भिंतीशी बोलणार नव्हतीच," आप्पा म्हणाले. "टकटक केली असेल तिनं."

"या भिंतींना टकटक ऐकू येत नाही आप्पा. मऊ असतात."

उन्हाची तिरीप बोळाच्या तोंडाशी आली होती. घराची घुरघुर चालूच होती. आप्पांनी एकदा वर, एकदा लेकाकडे पाहिलं.

"आणि माझी?"

"काय?"

"माझी उलट चाल. तिच्याकडे. किती?"

"जाऊ द्या ना आप्पा. तुमचे गुडघे..."

"सांग."

हर्षलनं फोन खाली ठेवला. "तीन."

आप्पांनी मान डोलावली, जणू एखाद्या भिंतीचं माप कुणी सांगावं आणि आपल्या अंदाजाशी ते जुळावं. "हाव," ते म्हणाले. "तीनच असतील. गार वाटलं तिकडे मी जात राहिलो. तुझ्या यंत्राला बोलत होतो मी उगाच. त्यानं ढकललं नाही. मला उठायला जड झालं."

"आप्पा..."

"बरोबर आहे ते. खोटं नाही. माती खोटं बोलत नाही तसं तेही नाही बोललं."

*

दुसऱ्या दिवशी आखाजी. माती वरून वाळली होती. एक बारीक भेग गेली होती, ती आप्पांनी सकाळीच ओल्या बोटानं बुजवली.

घर सकाळपासून कोमट होतं. हर्षलनं रात्री खूप खटपट केली, पण पाटा काढायचं नाव काढलं नाही. शेवटी त्यानं सगळं गार पाणी बोळाच्या दोन भिंतींत सोडलं आणि बाकीच्या खोल्यांचा नाद सोडून दिला. म्हणून पूजाही तिथेच मांडली. मयुरीनं घागर भरून उंबरठ्याशी ठेवली, वर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. सांजोऱ्या जरा कडक झाल्या होत्या.

"आई असत्या तर म्हणाल्या असत्या, दगड आहेत का सांजोऱ्या," मयुरी म्हणाली.

"आणि चार खाल्ल्या असत्या," हर्षल म्हणाला.

"सहा," आप्पा म्हणाले.

आप्पांनी बोट कुंकवात बुडवलं. बापाचं नाव घेतलं, पाट्यावर बोट टेकलं. आईचं नाव घेतलं, टेकलं. मग ताट हर्षलकडे सरकवलं.

"तू उमटव."

हर्षलनं बोट कुंकवात बुडवलं. "कोकिळा सुपडू..." एवढं म्हणेपर्यंत त्याचा आवाज फुटला आणि कुंकू जरा वाकडं पडलं. छतातून तोच गोड आवाज आला, "ठोके वाढले आहेत. गारवा दुसरीकडे पाठवू का?"

कुणी उत्तर दिलं नाही. मयुरी ओठांवर बोट ठेवून दोघांकडे बघत होती. यंत्रानं पुन्हा एकदा विचारलं आणि मग तेही थांबलं.

तिघं तिथेच जेवले, गुडघ्याला गुडघा लावून. हर्षल वरणात मीठ कमी म्हणाला. मयुरी म्हणाली, मग स्वतः करत जा. त्यावर बराच वेळ काहीबाही चाललं.

जेवण झाल्यावर आप्पा उठले. घागरीतलं पाणी त्यांनी तांब्यात घेतलं आणि उंबरठा ओलांडून डावीकडे वळले, कोकिळाबाईंच्या खोलीकडे. ती खोली त्या गेल्यापासून बंदच होती. तिथं कुणी नव्हतं म्हणून घर तिकडे गारवा पाठवतच नव्हतं. पाट्यामुळे भिंत आता अर्धी उघडी होती आणि आतून भट्टीसारखी झळ येत होती.

"आप्पा, तिकडे नका जाऊ. चव्वेचाळीस आहे तिथं," हर्षल म्हणाला.

"असू दे."

ते एक हात भिंतीला लावत, पाय ओढत चालत गेले. तिच्या पलंगाच्या कडेला बसले. तांब्या खिडकीत ठेवला. घाम कानामागून खाली उतरत होता. पाच मिनिटं बसले, मग दहा. आत गेल्यावर बोलायला म्हणून त्यांनी पुष्कळ काही ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवलं नाही. एवढंच म्हणाले, "पाणी आणलंय."

हर्षल उंबरठ्याशी उभा राहून बघत होता. पुढे यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

आतून आप्पांनी हाक मारली, "काय रे, पडलं का तुझ्या यंत्रात?"

हर्षलनं फोनकडे पाहिलं. "पडलं आप्पा. चार."

"मोजत राहा म्हणावं," आप्पा म्हणाले.